अर्धी वाट

नागदेवी स्ट्रीटवर हुझैफाभाईच्या दुकानात
काचेवर दोन चाकू ठेवलेत, दोन्ही मिटलेले.
एकाच मापाचे, एकाच पोलादाचे,
किमतीत साडेतीनशेचा फरक.

भाई म्हणतो, हा साधा. पात्याला नखाची खाच आहे,
ओढा, उघडा, सगळं तुमच्या हातानं.
आणि या दुसऱ्याच्या पोटात स्प्रिंग.
बोटानं नुसतं सुचवायचं त्याला,
अर्धी वाट तुम्ही चाला, पुढची तो स्वतः येतो.
बटणाचा नाही हं ताई, तो धंदा आपण करत नाही.

मला चाकू कलमांसाठी हवाय.
भायखळ्याच्या रोपवाटिकेत एकोणीस वर्षं
चिकू, जास्वंद, आंबा, खुंटावर तिरका काप.
उजव्या अंगठ्याचा सांधा आता
फुगलेल्या दारासारखा वागतो,
मिटला तर उघडत नाही, उघडला तर मिटत नाही.
डाव्या हातातली फांदी सोडता येत नाही
म्हणून हल्ली चाकू दातानं उघडते
आणि कासारमॅडम दुसरीकडे बघतात.

तेव्हा दुसराच घ्यायला हवा, हे तर उघडच आहे.

उचलला. अंगठा टेकवला.
खट्.

इतका आज्ञाधारक, की मला हसू आलं.
मिटवला. पुन्हा खट्.
आवडला मला. खोटं कशाला बोलू.
बाहेर हातगाडीवरून कुणी सळया उतरवत होतं,
सगळी गल्ली खणखणत होती,
तरी तो आवाज त्यातून वेगळा निघत होता,
भाताच्या घासात खडा लागावा तसा.

तिसऱ्यांदा खट् झालं
आणि मी आग्रीपाड्याच्या खोलीत होते,
पोटमाळ्याखाली, सतराचा पाढा पाठ करत,
आणि जयदेव कॉटवर बसून
हेच करत होता.
त्याचा बटणाचा होता, पितळी मुठीचा.
कुणाला मारला नाही त्यानं कधी,
माझ्या माहितीत तरी.
एवढंच, की बाहेर पडण्याआधी एकदा उघडून बघायचा
आणि आई मोरीतून ओल्या हातांनी यायची,
दारात उभी राहायची, बोलायची काही नाही.
तो तिच्या बाजूनं जायचा, अंग चोरून.

एका रात्री असाच गेला तो गेलाच.
आई आता ब्याऐंशीची आहे.
कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत तिला,
पण शेजारच्या खोलीत कुणी दिव्याचं बटण दाबलं
तर मान वर करते.

हुझैफाभाई थांबलाय, फडक्यानं काच पुसतोय.
साधा द्या, मी म्हणते.
तो माझ्या अंगठ्याकडे बघतो.
सांध्याचा स्क्रू पाव आटा ढिला करून देऊ?
आणि थेंबभर तेल.
लोण्यासारखा नाही येणार, पण येईल.

तो फिरवतो, मी उघडून बघते.
अजून थोडा.
आता बस, तो म्हणतो,
डुलणारं पातं बोट खातं.
परत घट्ट करतो, केसभर.
त्या केसभरासाठी आम्ही दोघांनी पंधरा मिनिटं घातली
आणि त्याचे त्यानं पैसे घेतले नाहीत.

येताना एक पेरू घेतला, बाहेरून पिवळा, दाबून बघितलेला.
घरी खाचेत नख अडकवलं.
अंगठा कुरकुरला.
पातं आलं, पाव, मग अर्धं,
तिथं मी थांबले, अंगठा बदलला,
आणि उरलेली वाटही मीच चालले.

आई समोर बसली होती,
कालच्या पेपरातले फोटो बघत.
तिनं मान वर केली नाही.

फोड पुढं धरली तेव्हा केली.
बिया काढल्यास का, म्हणाली.